विमानाच्या नाकातला डोळा

लातूरवर उडणाऱ्या विमानाला नांदेडवरचं विमान कसं दिसेल? रडारने! रडारने सोडलेल्या रेडिओलहरी समोरच्या विमानावर आपटून परततात. सेकंदाच्या हजाराव्या भागाच्या आत जाणं-येणं पुरं!

नाशिकजवळच्या ओझरला बनलेल्या जुन्या मिग-२१ विमानांत रडारचा अँटेना हलवून शोध घ्यावा लागे. चीनच्या जे-१०सी, जे-२० विमानांच्या नाकात मात्र शेकडो छोटे अँटेना असतात. ते जागचे न हलता लहरींची दिशा क्षणात बदलतात. काही बिघडले, तरी बाकीचे काम करतातच!

१७ ऑक्टोबर २०२५ रोजी ओझरला बनलेलं पहिलं तेजस मार्क-१ए उडालं. या जातीसाठीही असंच रडार ठरलं आहे. कारण शत्रू आधी दिसला, तरच वैमानिकाला सावध व्हायला वेळ मिळतो.