गरमागरम, आणि तेही माझ्या पानात!

मैत्रिणींनो, एक विचारते, खरं उत्तर द्या हं. तव्यावरून थेट तुमच्याच पानात पडलेलं थालीपीठ तुम्ही शेवटचं कधी खाल्लं? लग्नाला चौतीस वर्षं झाली, मला तर काही केल्या आठवेना!

परवाच्या रविवारी आम्ही दोघं आमच्या डोंबिवलीत फडके रोडजवळ नव्यानंच निघालेल्या एका नाश्त्याच्या हॉटेलात गेलो. बेत ह्यांचाच. निवृत्त झाल्यापासून ह्यांना आठाच्या ठोक्याला गरम खाणं लागतं आणि माझे गुडघे अलीकडे ओट्यापाशी उभं राहू देत नाहीत. पण बोलायचं कुणी? "नवीन आहे, बघू तरी," एवढंच म्हणाले. घरात भाजणीचा डबा भरलेला असताना थालीपिठाला ऐंशी रुपये मोजायचे, हे काही माझ्या जिवाला रुचेना. तरी साडी बदलली.

आत टेबलं सात-आठच, गर्दी मात्र लग्नघरासारखी. फळ्यावर चक्क नाचणीची आंबील! २०२३ हे वर्ष संयुक्त राष्ट्रांनी भरडधान्यांचं म्हणून पाळलं, तेव्हापासून नाचणीला काय मान आलाय! माझी कोकणातली आजी तीच आंबील पाहुण्यांपुढे ठेवायला लाजायची.

ह्यांनी मिसळ घेतली. तर्री झणझणीत, पण मटकी जरा कच्चीच होती. मी घावन मागवलं. पोऱ्यानं बशी पुढ्यात ठेवली. जाळीदार, कडेला कुरकुरीत, वर ओल्या खोबऱ्याची चटणी. सवयीनं मी ती ह्यांच्याकडे सरकवली. ह्यांनी परत माझ्यापुढे केली. "तुझं आहे ते. गरम आहे तोवर खा." खोटं कशाला सांगू, पहिला घास गिळेचना.

मग राहवेना, म्हणून स्वैपाकघराच्या दारात जाऊन उभी राहिले. घावनं घालणाऱ्या बाई माझ्याच वयाच्या. माझं घावन नेहमी तव्याला चिकटतं, म्हटलं. त्या हसल्या. तांदळाचं पीठ ताकासारखं पातळ हवं, आणि ते खाली बसतं म्हणून दर खेपेला तळापासून ढवळायचं. तवा चांगला तापू द्यायचा. डावानं कडेकडून आत ओतायचं, डोशासारखं पसरायला जायचं नाही, की वर लगेच झाकण. आंबवायची भानगडच नाही, ती आंबोळीला.

"आणि तुमची न्याहारी?" मी सहज विचारलं.

"साडेअकराला. गिऱ्हाईक सरलं की."

घरी येताना रिक्षात मी हे ह्यांना सांगितलं. हे काहीच बोलले नाहीत. पण बुधवारी सकाळी मला उठू न देता स्वतः ओट्यापाशी उभे राहिले. उपमा केला. रवा न भाजताच पाण्यात सोडला, त्यामुळे गुठळ्या झाल्या, मीठही बेतानंच. पण वाफाळती बशी आधी माझ्या हातात आली, बरं का!