वायफाय चालतंय, पण कॉम्प्युटरला नेट नाही!

ज्यांना हा भाग ऐकायला जमला नाही, त्यांच्यासाठी नेहमीप्रमाणे हे लेखी रूप. बोललो तसंच बरंचसं ठेवलंय, सांभाळून घ्या.

तर झालं असं. जुलै महिना, सांगलीला घरी धो धो पाऊस, आणि मी पुण्यात ऑफिसमध्ये. दुपारी दोनला बाबांचा फोन. "अरे, कॉम्प्युटरवर नेट येत नाहीये. छोटीचा फॉर्म भरायचाय." छोटी म्हणजे माझी बहीण. इंजिनिअरिंगच्या कॅप राऊंडचा ऑप्शन फॉर्म, शेवटचा दिवस, मुदत पाचची. फोनच्या स्क्रीनवर कॉलेजांचे कोड चुकतील म्हणून तिला डेस्कटॉपच हवा होता. आमचा राउटर खाली हॉलमध्ये, कॉम्प्युटर वरच्या खोलीत, आणि मधे खिडकीतून गेलेली लॅन केबल.

आता मी पडलो बीटेक. लगेच ड्रायव्हर काढा, परत टाका, नेटवर्क रीसेट करा, रीस्टार्ट करा... बाबांना दीड तास पळवलं. साडेतीन वाजले. नेट काही आलं नाही. त्या दीड तासात मी काय काय चुकलो, त्यातूनच आजच्या पायऱ्या निघाल्यात.

पहिली पायरी : दुखणं कुणाचं आहे ते ठरवा. फोनचा मोबाईल डेटा बंद करा आणि फक्त वायफायवर एखादी साइट उघडा. उघडली तर राउटर आणि बाहेरची लाईन ठीक आहे, कंपनीला फोन करून उपयोग नाही. गडबड राउटर ते कॉम्प्युटर या पट्ट्यातच आहे.

दुसरी पायरी : दिवे बघा. केबल कॉम्प्युटरला जिथे लागते, त्या पोर्टपाशी सहसा बारीक दिवे असतात. राउटरवरही त्या पोर्टचा दिवा असतो. दिवा अजिबात नसेल, तर सॉफ्टवेअरला हात लावायचाच नाही. केबल काढून 'टक्' आवाज येईपर्यंत परत बसवा. राउटरवर दुसऱ्या लॅन पोर्टमध्ये लावून बघा, पण 'वॅन' लिहिलेल्या पोर्टमध्ये नको, तो बाहेरून येणाऱ्या लाईनसाठी असतो. पावसाळ्यात विजेच्या झटक्याने एखादाच पोर्ट जळून बाकीचे चालू राहतात, असंही होतं.

मी बाबांना विचारलं होतं, "दिवा लागलाय का?" ते म्हणाले, "लागलाय." मी पुढे गेलो. इथेच फसलो.

तिसरी पायरी : पत्ता बघा. विंडोजच्या सर्चमध्ये 'सीएमडी' टाकून काळी खिडकी उघडा आणि इंग्रजीत, मधे जागा न सोडता 'आयपीकॉन्फिग' टाइप करा. इथरनेटखाली आयपीव्ही४ पत्ता दिसेल. घरच्या राउटरवर तो बहुतेक वेळा १९२.१६८ ने सुरू होतो. पण १६९.२५४ ने सुरू होत असेल, तर कॉम्प्युटरने राउटरकडे पत्ता मागितला, उत्तर आलं नाही, म्हणून त्याने स्वतःच एक तात्पुरता पत्ता घेतला. आमच्याकडे हेच दिसत होतं.

पत्ता नीट असेल, तर पुढे 'पिंग' करायचं. आधी 'डिफॉल्ट गेटवे' म्हणून दिसणाऱ्या आकड्याला, म्हणजे राउटरला. मग ८.८.८.८ ला. गेटवे उत्तर देतो पण ८.८.८.८ देत नाही, तर अडचण राउटरच्या पलीकडे. दोन्ही देतात पण साइटच उघडत नाही, तर डीएनएस तपासा, म्हणजे नावावरून पत्ता शोधून देणारी सेवा.

चौथी पायरी : केबलवर संशय घ्या. केबलच्या आत आठ तारा असतात, दोन-दोनच्या चार जोड्या. १०० एमबीपीएसला त्यातल्या दोनच जोड्या लागतात, गिगाबिटला चारही. त्यामुळे एखादी जोडी तुटली की नेट कधी कधी बंद पडत नाही, नुसतं हळू होतं. सेटिंग्जमध्ये लिंक स्पीड १००० ऐवजी १०० दिसायला लागला, तर केबल आजारी आहे असं समजा. बाबा दोन आठवडे "हळू चालतंय" म्हणत होते. मी म्हणायचो, "पावसाचं असेल."

शेवटी मी थकून परत विचारलं, "बाबा, दिवा आत्ता आहे का?" ते म्हणाले, "आत्ता आहे. मघाशी नव्हता. जातो-येतो करतोय ना तो." मागून आईचा आवाज : "अहो, पावसासाठी खिडकी घट्ट लावलीय, वायर तिथेच चेमटलीय!"

पावणेचार. नवी केबल आणायला वेळ नव्हता. मग दोन पर्याय होते. एक, सीपीयू-मॉनिटर उचलून हॉलमध्ये न्यायचा आणि राउटरच्या डब्यात आलेल्या छोट्या केबलने जोडायचा. दुसरा, फोन यूएसबी केबलने कॉम्प्युटरला लावून 'यूएसबी टेदरिंग' चालू करायचं. आम्ही दुसरा केला. एका मिनिटात नेट आलं. याने तपासणीही होते बरं का. टेदरिंगवर साइट उघडली म्हणजे ब्राउझर शाबूत आहे, दोष केबल, पोर्ट नाहीतर लॅन कार्डचा.

साडेचारला फॉर्म सबमिट झाला. दुसऱ्या दिवशी बाबांनी नवी केबल आणली आणि खिडकीऐवजी भिंतीला भोक पाडून पट्टीतून घेतली.

तेव्हा मंडळी, क्रम लक्षात ठेवा : फोन, दिवा, पत्ता, केबल. ड्रायव्हर सगळ्यात शेवटी. आणि घरच्यांना फोनवर विचारताना "दिवा लागलाय का?" असं विचारू नका. "दोन मिनिटं त्याच्याकडे बघत बसा आणि काय होतं ते सांगा," असं म्हणा. ते बरोबर बघतात, आपणच अर्धं ऐकून पुढे पळतो.

भेटू पुढच्या भागात. तोवर खिडकी जपून लावा!