पांढऱ्या माशीचा वैरी आधीच तुमच्या शेतात आहे

आजचा विषय अमळनेर, पारोळा, चोपडा, शिरपूर पट्ट्यातल्या कापूसवाल्या घरांसाठी. प्रश्न असा, की पांढऱ्या माशीला संपवणारा मित्रकीटक विकत मिळतो का?

आधी एक गैरसमज काढूया. दुकानात ट्रायकोकार्ड मिळतं. त्यातला ट्रायकोग्रामा बोंडअळीसारख्या पतंगवर्गीय किडींची अंडी शोधतो. पांढऱ्या माशीसाठी ते कार्ड लावलंत, तर पैसे वाया!

पांढऱ्या माशीचे वैरी वेगळे: एन्कार्शिया आणि एरेटमोसेरस. गांधीलमाशीच्याच कुळातले, पण एक मिलिमीटरच्या आसपास. माणसाला चावत नाहीत. पांढऱ्या माशीची पिल्लं पानाच्या खालच्या बाजूला चिकटून रस पितात, जागा सोडत नाहीत. एन्कार्शियाची मादी अशा पिल्लाच्या अंगात अंडं घालते. एरेटमोसेरस त्याच्या पोटाखाली घालते आणि अळी नंतर आत शिरते. पिल्लू आतून खाल्लं जातं आणि त्यातून नवा मित्रकीटक बाहेर पडतो.

हे तुम्ही मोबाईलवर बघू शकता. कॅमेऱ्याला मॅक्रो लेन्स लावा किंवा साधं भिंग घ्या. पान उलटा आणि रिकामे कोष बघा. इंग्रजी 'टी' अक्षरासारखी चीर दिसली, तर तिथून पांढरी माशी उडाली. गोल भोक दिसलं, तर तिथून मित्रकीटक निघाला. गोल भोकं बऱ्यापैकी दिसत असतील, तर तुमची फौज कामाला लागलेली आहे.

मग ती विकत आणून सोडायची का? इंग्लंडमध्ये काचघरातल्या टोमॅटोवर एन्कार्शिया वापरतात. तिथे चार भिंती आहेत. आपलं शेत उघडं. शेजारच्या फवाऱ्याचा वाराही इकडे येतो. म्हणून आपल्याकडे खरं काम आहे असलेली फौज वाचवायचं.

ती मरते कशाने? सुरुवातीलाच मारलेल्या जहाल फवाऱ्यांनी, विशेषतः सिंथेटिक पायरेथ्रॉइडने. १९८०च्या दशकात आंध्रच्या गुंटूर-प्रकाशम भागात पायरेथ्रॉइडचा मारा वाढला आणि पांढरी माशी उसळली. २०१५ला पंजाबात शेतकरी फवारत राहिले, तरी कापूस हातचा गेला.

म्हणून घरी हे बोलून घ्या. पहिले दोन महिने शक्यतो रासायनिक फवारा टाळा. गरज पडली तर पाच टक्के निंबोळी अर्क, आणि तो पानाच्या खालून लागला पाहिजे. युरिया जास्त टाकू नका. लुसलुशीत पानावर माशी जास्त येते. तरीही माशी वाढली, पानं चिकट होऊन काजळी धरायला लागली, तर थांबू नका. कृषी विज्ञान केंद्रात फोटो दाखवा आणि ते सांगतील तेच औषध, तेवढंच मारा. दोन-तीन औषधं एकत्र करून मारू नका.

फवारणीचा पंप भरण्याआधी वीस झाडांची पानं उलटून बघा. दहा मिनिटं लागतील. कदाचित एक फवारणी वाचेल. भेटूया पुढच्या भागात!