काविळीची माळ आणि सीटी स्कॅन

सुरतेच्या पूर्वेकडील पर्वत पाटिया, लिंबायत या भागांत खानदेशातून येऊन स्थिरावलेला मराठी श्रमिकवर्ग मोठा आहे. घरात कोणाचे डोळे पिवळे दिसू लागले की वडीलधारी मंडळी प्रथम काविळीची माळ घालतात. दूषित पाण्यामुळे झालेली कावीळ बहुधा आपोआप ओसरते आणि श्रेय माळेस मिळते. माळेशी आमचे भांडण नाही. वाया जाणाऱ्या आठवड्यांशी आहे. अंगास सतत खाज, गडद लघवी, पांढुरका शौच आणि मधूनमधून थंडी वाजून ताप, अशी लक्षणे असतील तर पित्तनलिकेत अडथळा असण्याचा संभव असतो, आणि तो माळेने सुटत नाही.

याच्या उलट टोकही अलीकडे दिसते. कावीळ म्हणताच सीटी स्कॅनची चिठ्ठी! विंबल्डनच्या एका रुग्णालयात १९७१ साली हाऊन्सफील्ड यांच्या या यंत्राने प्रथम रुग्णाचा मेंदू पाहिला, आणि १९७९ साली त्यांना कॉर्मॅक यांच्यासमवेत नोबेल पारितोषिक मिळाले. यंत्राची थोरवी निर्विवाद आहे. परंतु पित्तनलिकेच्या जुनाट विकारात त्याचे काम ठरावीक आहे, ते समजून घेतले पाहिजे.

पहिला मान सोनोग्राफीचा. ती स्वस्त, क्षकिरणांविना होणारी, आणि पित्ताशयातील खडे व फुगलेली नलिका दाखविणारी. मात्र नलिकेचे खालचे टोक आतड्यातील वायूआड दडते. तेथे सीटी उपयोगी पडते. शिरेतून कॉन्ट्रास्ट औषध देऊन काढलेल्या चित्रांत नलिका कोठे अरुंद झाली, स्वादुपिंडाच्या शिरोभागी वा नलिकेच्या मुखाशी गाठ आहे काय, ती रक्तवाहिन्यांपर्यंत पोहोचली काय, वारंवार जंतुसंसर्ग होऊन यकृताचा एखादा भाग आक्रसला वा त्यात पू साठला काय, हे कळते. शस्त्रक्रिया करावी की नाही, हा निर्णय पुष्कळदा यावरच ठरतो.

पण पित्ताइतकीच घनता असलेले खडे सीटीत दिसतच नाहीत. ‘स्कॅन नॉर्मल आले’ म्हणून निश्चिंत होणाऱ्या रुग्णाची येथेच फसगत होते. नलिकेचा खरा नकाशा एमआरसीपी या तपासणीत मिळतो, तीही क्षकिरणांविना. आणि अडकलेला खडा काढावयाचा तर दुर्बिणीने ईआरसीपी करावी लागते. ज्याचा विकार वर्षानुवर्षे चालणार, त्याचे सीटी पुनःपुन्हा काढताना किरणांचा साठा वाढतो, आणि मूत्रपिंड दुबळे असेल तर कॉन्ट्रास्टचाही विचार करावा लागतो.

पर्वत पाटियापासून महानगरपालिकेचे स्मीमेर रुग्णालय फार दूर नाही. तेथील असो वा खासगी, प्रत्येक डॉक्टरांकडे आमची मागणी साधी आहे: स्कॅन लिहून देताना आपण नेमके काय शोधीत आहोत, आणि सोनोग्राफीने ते का भागले नाही, हे रुग्णास मराठीत, गुजरातीत वा हिंदीत दोन वाक्यांत सांगावे. इंग्रजी अहवाल हाती देऊन कर्तव्य संपत नाही.

रुग्णांनाही एक सांगणे आहे. आजार वाढला की आपला माणूस पुष्कळदा गावी, जळगाव-धुळ्याकडे जातो, आणि जुन्या फिल्म व पित्ताशयाच्या आधीच्या शस्त्रक्रियेचे कागद येथेच पत्र्याच्या पेटीत राहतात. नलिका तेव्हा किती रुंद होती आणि आज किती आहे, ही तुलनाच जुनाट विकारात डॉक्टरांस हवी असते. गाडीत बसताना ती पिशवी बरोबर घ्यावी.