रोहू, चिंच आणि तांदळाचं धुवण: फिलिपिनी पद्धतीचे तीन सोपे प्रकार



फिलिपिन्सचं नाव निघालं की आम्हा फौजी मंडळींना हल्ली आधी ब्रह्मोस आठवतं. जानेवारी 2022 मध्ये त्या देशाने ब्रह्मोससाठी करार केला आणि एप्रिल 2024 मध्ये पहिली खेप तिकडे पोचली. मला मात्र फिलिपिन्स म्हटलं की मोठ्या पातेल्यातलं, पातळ, आंबट, वाफाळतं माशाचं सार आठवतं. गोलान टेकड्यांवर संयुक्त राष्ट्रांच्या शांतिसेनेत आपली रसद तुकडी होती आणि 2009 ते 2014 या काळात फिलिपिन्सची बटालियनही त्याच मोहिमेत होती. 2011 साली मी तिथे होतो. त्यांच्या लंगरात जेवायचा योग अनेकदा आला आणि तिथल्या आचाऱ्यांकडून मी हे पदार्थ शिकलो. आता जबलपूरला स्थायिक झाल्यापासून आठवड्यातून एकदा तरी आमच्या घरी यातलं काहीतरी शिजतं.

आजचा भाग विशेषतः साठी ओलांडलेल्या पुरुषांसाठी आहे. जबलपूर हे निवृत्त फौजींचं गाव. ग्रेनेडियर्सचं केंद्र इथे, जम्मू-काश्मीर रायफल्सचं इथे, सिग्नल्सचं प्रशिक्षण केंद्र इथे, शिवाय गन कॅरेज फॅक्टरी आणि व्हेइकल फॅक्टरी. कित्येक घरांत मुलं पुण्याला, बंगळुरूला नाहीतर परदेशात. मुलीच्या बाळंतपणाला सौभाग्यवती गेल्या की इकडे साहेब तीन-तीन महिने ब्रेड, ऑम्लेट आणि लोणच्यावर काढतात. काहींच्या तर सौभाग्यवती आता या जगातच नाहीत. अशा माणसाला एका पातेल्यात, अर्ध्या तासात, जवळजवळ तेलाशिवाय पोटभर आणि चवीचं जेवण करता आलं पाहिजे. वाटण नाही, परतणं नाही, दहा डबे उघडणं नाही. फिलिपिनी घरगुती पद्धत त्यासाठी मला फार सोयीची वाटते.

मूळ तत्त्व काय?

फिलिपिन्स म्हणजे साडेसात हजारांहून जास्त बेटं. मासा आणि भात हेच तिथलं रोजचं अन्न. आपण मासा मसाल्यात शिजवतो, ते आंबटात शिजवतात. चिंच, कच्ची कैरी, पेरू, लिंबू, सिरका, जे हाताशी असेल ते. आपल्या गोव्या-कोकणातली बिमलीही तिथे आहे. ते तिला 'कामियास' म्हणतात आणि तिच्यात मासा शिजवतात. कोकणातल्या माणसाला हे परकं वाटायचं कारण नाही. आपण कोकम, चिंच घालतोच. फरक एवढाच की आपल्याकडे आंबट हे मसाल्याच्या सोबतीला असतं, त्यांच्याकडे तेच मुख्य.

आता जबलपूरशी याचा संबंध काय, ते सांगतो. इथे मिळतो तो गोड्या पाण्यातला मासा. रोहू, कतला, मृगल. पापलेट-सुरमईवर वाढलेला मराठी माणूस या माशांना नाक मुरडतो. म्हणतो, "मातीचा वास येतो." वास येतो हे खरंच आहे. तळ्यातले आणि जलाशयातले काही सूक्ष्म जीव जिओस्मिन नावाचं द्रव्य तयार करतात. पहिल्या पावसात मातीला जो वास येतो, तोही याच द्रव्याचा. ते माशाच्या चरबीत आणि कातडीत साठतं. आम्लात हे द्रव्य मोडतं, म्हणून चिंचेत किंवा सिरक्यात मासा ठेवला की वास उतरतो. फिलिपिन्सचा लाडका मासा 'बंगूस' हासुद्धा तळ्यात पाळतात. त्यालाही मातकट वास असतो आणि रोहूसारखे भरपूर काटेही असतात. म्हणजे त्यांच्या बंगूसची जी अडचण, तीच अडचण आपल्या रोहूची आहे.

मासा घेताना

आपल्याजवळ नर्मदेवर बरगीचा मोठा जलाशय आहे, त्यामुळे ताजा मासा मिळायला अडचण नाही. फक्त 16 जून ते 15 ऑगस्ट हा मध्य प्रदेशात मासेमारीबंदीचा काळ असतो. माशांचा विणीचा हंगाम आहे, तेव्हा नदीचा मासा मागू नका आणि कोणी चोरून विकत असेल तर घेऊ नका. त्या दिवसांत बाहेरून बर्फात आलेला मिळतो, तो नीट पाहून घ्या. कल्ले लाल हवेत, डोळे फुगीर आणि स्वच्छ हवेत, बोटाने दाबलेलं मांस लगेच वर यायला हवं. तुकडे इंचभर जाड करून घ्या. डोकं टाकू नका, साराला खरी चव त्याचीच. घरी आल्यावर मीठ आणि चिंचेचं पाणी चोळून दहा मिनिटं ठेवा आणि धुऊन टाका.

समुद्राचा बांगडा इथपर्यंत येतो, पण त्याबाबत एक सूचना. बांगडा, कुपा अशा माशांना पुरेसा बर्फ मिळाला नाही तर त्यांच्यात हिस्टामिन तयार होतं. मग तोंड लाल होणं, डोकं दुखणं, पुरळ उठणं असे त्रास होतात. महत्त्वाची गोष्ट ही, की शिजवल्याने हिस्टामिन जात नाही. मे महिन्यात, जबलपूरच्या उन्हात, बर्फाविना ठेवलेला बांगडा कितीही स्वस्त असला तरी सोडून द्या.

पहिला प्रकार: सिनिगांग

हे आंबट सार. चार माणसांसाठी अर्धा किलो रोहू, लिंबाएवढी चिंच, एक कांदा, दोन टोमॅटो, एक लहान मुळा, मूठभर चवळीच्या शेंगा, दोन लांब हिरव्या मिरच्या, जुडीभर पालक. इथल्या बाजारात कलमी साग मिळाला तर पालकाऐवजी तो घ्या. फिलिपिन्समध्ये तोच घालतात.

पाणी साधं वापरायचं नाही. तांदूळ एकदा धुऊन ते पाणी ओतून द्या आणि दुसऱ्यांदा धुतलेलं एक लिटर पाणी ठेवा. आपल्या आज्या ज्याला धुवण म्हणायच्या, तेच. त्यातल्या पिठुळपणाने साराला किंचित दाटपणा येतो. चिंच गरम पाण्यात भिजवून कोळ काढा. धुवणात कांदा आणि टोमॅटो दहा मिनिटं उकळा, मग मुळा आणि शेंगा पाच मिनिटं. नंतर मासा आणि अख्ख्या मिरच्या घालून मंद आचेवर सात-आठ मिनिटं. चिंचेचा कोळ मासा घातल्यावरच टाका. आधी टाकला तर आंबटामुळे भाज्या लवकर शिजत नाहीत. शेवटी चहाचा एक सपाट चमचा मीठ आणि पालक घाला, गॅस बंद करून झाकण ठेवा. डावाने ढवळू नका, पातेलं हलवा. रोहूचे तुकडे तुटले की काटे सारात पसरतात आणि म्हाताऱ्या माणसाला तेच धोक्याचं.

दुसरा प्रकार: पाक्सिव

हा सिरक्यातला मासा. अर्धा किलो माशाला अर्धी वाटी सिरका, एक वाटी पाणी, इंचभर आल्याच्या चकत्या, पाच-सहा ठेचलेल्या लसूण पाकळ्या, दहा मिरे, अर्धा चमचा मीठ. आवडत असेल तर एक कारलं आणि एक लांब वांगं, तुकडे करून. तेल शून्य.

सिरका कोणता? फिलिपिन्समध्ये माडाचा आणि उसाचा वापरतात. गोव्यात माडाचा असतो, आणि आपल्या उत्तरेकडच्या बाजारात उसाचा सिरका मिळतोच. तोच घ्या. बाटलीवर 'सिंथेटिक' लिहिलेलं असेल तर ते पाण्यात मिसळलेलं ॲसेटिक ॲसिड असतं. त्याला तिखट वास असतो, पण चवीला खोली नसते. भांडं स्टीलचं किंवा मातीचं घ्या, ॲल्युमिनियमचं नको.

सगळं एकावर एक रचा आणि गॅस लावा. आता नियम असा की सिरका उकळून त्याचा नाकात जाणारा वास उडेपर्यंत झाकण ठेवायचं नाही आणि ढवळायचंही नाही. पाचेक मिनिटं लागतात. मग झाकण ठेवून मंद आचेवर दहा मिनिटं. हा पदार्थ फ्रिजमध्ये ठेवून दुसऱ्या दिवशी जास्त चांगला लागतो. सिरक्यामुळे मासा टिकतो, म्हणून तर फ्रिज नसलेल्या काळात तिथे ही पद्धत रूढ झाली. एकट्या माणसाला एकदा रांधून दोनदा जेवता येतं.

तिसरा प्रकार: गिनाताआन

'गाता' म्हणजे नारळाचं दूध. पाव किलो सोललेली कोळंबी, पाव किलो लाल भोपळा, मूठभर चवळीच्या शेंगा, कांदा, लसूण, आलं. एका नारळाचं दाट दूध वाटीभर आणि पातळ दूध दोन वाट्या काढा. चमचाभर तेलात कांदा, लसूण, आलं मऊ करा, पातळ दुधात भोपळा आणि शेंगा शिजवा. भोपळा मऊ झाला की कोळंबी घाला. तिला तीन-चार मिनिटं पुरतात, जास्त झालं की रबर होतं. दाट दूध सगळ्यात शेवटी, आणि त्यानंतर खळखळ उकळी नको, नाहीतर दूध फाटतं. गोठवलेली कोळंबी असेल तर फ्रिजच्या खालच्या कप्प्यात रात्रभर ठेवून सुटू द्या, ओट्यावर नाही.

काय करू नये

फिलिपिन्समध्ये 'किनिलाव' नावाचा एक प्रकार आहे. कच्चा मासा सिरक्यात मुरवून तसाच खातात. व्हिडिओ पाहून तरुण मुलं तो करायला निघतात. तो ताज्या समुद्री माशाचा पदार्थ आहे. आंबटाने मांस पांढरं होतं, शिजल्यासारखं दिसतं, पण त्यातले जंतू आणि कृमी मरतीलच असं नाही. नदीच्या किंवा तळ्याच्या माशाचा किनिलाव कधीही करू नका.

दुसरं मिठाचं. ते लोक मिठाऐवजी 'पातिस' नावाचं माशाचं खारट पाणी घालतात. ते आपल्याला शोधत बसायची गरज नाही. चमचाभर जवळा कोरडाच भाजून, हाताने चुरून साराला लावा, तसाच दर्याचा वास येतो. पण जवळाही खारट असतो, तेव्हा वरचं मीठ निम्मं करा. पदार्थ आंबट असला की कमी मीठही पुरतं. रक्तदाबाची गोळी चालू असलेल्यांना हा मोठाच फायदा आहे. ज्यांना गाऊट किंवा मूत्रपिंडाचा त्रास आहे, त्यांनी मासे-कोळंबी किती खायची हे डॉक्टरांना विचारून ठरवावं.

सुरुवात कुठून करायची असं विचाराल, तर पाक्सिवपासून करा. त्यात बिघडण्यासारखं फारसं काही नाही, आणि ज्याने आयुष्यात चहापलीकडे काही केलं नाही त्यालाही तो जमतो. सोबत मऊ भात, बाजूला मिरची चुरडलेला थोडा सिरका. येत्या रविवारी करून पाहा आणि घरात कोणी नसेल तर शेजारच्या एखाद्या जुन्या सहकाऱ्याला जेवायला बोलवा. पातेलं एकच धुवायचं आहे.

पुढच्या भागात सुक्या माशांबद्दल बोलू. नमस्कार, जय हिंद.