मानाची डॉक्टरेट आणि मेहनतीची डॉक्टरेट

पदवीदान समारंभात एखाद्या अभिनेत्याला, उद्योगपतीला किंवा पुढाऱ्याला मानद डॉक्टरेट मिळाली की दोन प्रतिक्रिया ठरलेल्या असतात. ‘एवढं मोठं काम केलंय, पीएच.डी.वाल्यांपेक्षा कमी आहे का?’ ही एक आणि ‘फुकटची पदवी!’ ही दुसरी. दोन्हीकडे चूक एकच आहे. संशोधनाची डॉक्टरेट एका तपासलेल्या कामाला मिळते, तर मानद डॉक्टरेट माणसाच्या एकूण कर्तृत्वाला. म्हणून त्यांना एकाच मापाने मोजता येत नाही.

गैरसमज : मानद डॉक्टरेट पीएच.डी.च्या बरोबरीची असते.
विद्यापीठ अनुदान आयोगाच्या २०२२च्या नियमांनुसार पीएच.डी.ला किमान तीन वर्षे लागतात. कोर्सवर्क पूर्ण करावे लागते, प्रबंध मार्गदर्शकाखेरीज किमान दोन बाहेरचे परीक्षक तपासतात आणि शेवटी तोंडी परीक्षा होते. मानद पदवीसाठी यातले काहीच नसते. डॉ. बाबासाहेब आंबेडकरांकडे दोन्ही प्रकारच्या पदव्या होत्या, त्यामुळे हा फरक त्यांच्याच उदाहरणात नेमका दिसतो. ‘द प्रॉब्लेम ऑफ द रुपी’ हा प्रबंध त्यांनी १९२२मध्ये लंडन विद्यापीठाला सादर केला. परीक्षकांनी आक्षेप घेतले, तो सुधारून पुन्हा द्यावा लागला आणि १९२३मध्ये डी.एस्सी. मिळाली. हा प्रबंध पुस्तकरूपाने आला तेव्हा त्यांचे मार्गदर्शक एडविन कॅनन यांनी प्रस्तावनेत आपले मतभेद मोकळेपणाने नोंदवले. म्हणजे निष्कर्ष पटले म्हणून ती पदवी मिळाली नव्हती, मांडणी कसाला उतरली म्हणून मिळाली होती. पुढे १९५२मध्ये कोलंबिया विद्यापीठाने त्यांना मानद एलएल.डी. दिली, ती समाजसुधारक आणि राज्यघटनेचे शिल्पकार म्हणून. त्या वेळी कोणी प्रबंध मागितला नाही. याच विद्यापीठाने त्यांना १९२७मध्ये पीएच.डी. दिली होती, तीही प्रबंधावरच. मानद पदवीने त्यांच्या विद्वत्तेत भर पडली नाही, आणि तो तिचा हेतूही नव्हता.

गैरसमज : डी.लिट., डी.एस्सी. या पदव्या मानदच असतात.
आंबेडकरांची डी.एस्सी. हाच याला पुरेसा पुरावा आहे. भारतातील काही विद्यापीठे पीएच.डी.नंतरच्या संशोधनासाठी डी.लिट. आणि डी.एस्सी. देतात. त्यामुळे केवळ अक्षरांवरून काही ठरवू नये, आधी ‘मानद’ हा शब्द आहे का ते पाहावे.

गैरसमज : मानद पदवी निव्वळ शोभेची असते.
विद्यापीठ पदवी परत कधी घेते, यावरून ती कशासाठी दिली होती हे कळते. जर्मनीचे संरक्षणमंत्री कार्ल-थिओडोर त्सु गुटेनबर्ग यांच्या प्रबंधात उचलेगिरी आढळली, तेव्हा २०११मध्ये बायरॉइट विद्यापीठाने त्यांची डॉक्टरेट काढून घेतली आणि त्यांचे मंत्रिपदही गेले. तिथे दोष कामात होता. झिम्बाब्वेचे सत्ताधीश रॉबर्ट मुगाबे यांना एडिंबरा विद्यापीठाने १९८४मध्ये दिलेली मानद पदवी २००७मध्ये रद्द केली, ती त्यांच्या राजवटीतील अत्याचारांमुळे. लंडन विद्यापीठाच्या परीक्षा देऊन मिळवलेल्या त्यांच्या पदव्यांना मात्र कोणी हात लावला नाही. सन्मान शोभेपुरताच असता, तर तो देताना किंवा काढून घेताना कोणी इतका विचार केला नसता. शिक्षणावरील खर्चकपातीच्या निषेधार्थ ऑक्सफर्डच्या प्राध्यापकांनी १९८५मध्ये ब्रिटनच्या तत्कालीन पंतप्रधान मार्गारेट थॅचर यांना मानद पदवी नाकारली. मतदान झाले ७३८ विरुद्ध ३१९.

यावर आक्षेप येतो की देणगीदार आणि सत्ताधारी यांनाही या पदव्या मिळतातच. आक्षेप खरा आहे. अमेरिकेतील एमआयटी आणि स्टॅनफर्ड तर मानद पदव्या देतच नाहीत. पण यातून एवढेच सिद्ध होते की मानद पदवीची किंमत देणाऱ्याच्या निवडीवर ठरते. निवड सैल असेल तर सन्मानही हलका होतो.

गैरसमज : मानद पदवी मिळाली की नावामागे ‘डॉ.’ लावावे, आणि ती कोणतीही संस्था देऊ शकते.
सेंट अँड्र्यूज विद्यापीठाने १७५९मध्ये मानद पदवी दिल्यावर बेंजामिन फ्रँकलिन ‘डॉक्टर फ्रँकलिन’ म्हणून ओळखले जाऊ लागले, हा दाखला नेहमी दिला जातो. पण संशोधनावर आधारित पीएच.डी. रुजली ती पुढच्या शतकात, जर्मन विद्यापीठांमधून. आज ‘डॉ.’ वाचणारा माणूस संशोधन किंवा वैद्यकीय शिक्षण गृहीत धरतो. म्हणून मानद पदवीधराने ‘डॉ.’ न लावणे हाच विद्यापीठीय जगातला चांगला संकेत आहे. राहिला प्रश्न संस्थेचा. विद्यापीठ अनुदान आयोग कायदा, १९५६च्या कलम २२नुसार पदवी देण्याचा अधिकार कायद्याने स्थापन झालेल्या विद्यापीठांना, अभिमत विद्यापीठांना आणि संसदेने खास अधिकार दिलेल्या संस्थांनाच आहे. हॉटेलच्या सभागृहात शुल्क घेऊन वाटलेली ‘डॉक्टरेट’ मानदही नसते आणि कमावलेलीही नसते. तेव्हा पुढच्या वेळी अभिनंदनाचा फलक दिसला, तर आधी पदवी देणाऱ्या संस्थेचे नाव वाचा आणि ते आयोगाच्या यादीत आहे का तपासा.