पाणी, पोर आणि वयाची अट

तळोद्याच्या दक्षिणेला तापी आणि उत्तरेला सातपुडा ओलांडला की नर्मदा, अशा दोन मोठ्या नद्यांच्या मध्ये आपला मुलूख वसलेला आहे. तापीकाठच्या गावांतून महाविद्यालयात येणाऱ्या आपल्या मित्रांपैकी अनेकांनी पोहण्याचे पहिले धडे ट्रॅक्टरच्या ट्यूबवर घेतले आहेत. मीही त्यांपैकीच एक. रबरी तराफ्यातून वल्ही मारीत जाणे, ट्यूबवर बसून प्रवाहाबरोबर वाहत जाणे, हा आनंद शहरातील कुटुंबे आता पैसे मोजून विकत घेतात. आपल्याला तो फुकट मिळतो. परंतु विकतच्या आनंदाबरोबर नियमांचा एक कागद हाती पडतो आणि त्यावर पहिली अट वयाची असते. आपल्या काठावर अशी अट घालणारा कोणी नाही. ही अट कशासाठी असते, आपल्या नद्यांना ती कितपत लागू पडते आणि जेथे लागू पडत नाही तेथे काय करावे, याचा विचार प्रस्तुत लेखात करावयाचा आहे.

महाराष्ट्रात तराफ्याच्या खेळासाठी प्रसिद्ध असलेले ठिकाण म्हणजे रायगड जिल्ह्यातील कोलाडजवळची कुंडलिका. वीज तयार केल्यानंतर सोडलेले पाणी सकाळी या नदीत येते आणि त्या पाण्यावरच हा खेळ चालतो. तेथे १४ वर्षांखालील मुलांना तराफ्यात सहसा घेत नाहीत. नदीच्या खळाळाची पहिलीपासून सहावीपर्यंत प्रत लावण्याची जगभर रूढ असलेली पद्धत आहे. पहिली म्हणजे संथ वाहते पाणी. सहावी म्हणजे जिवाशी खेळ. कुंडलिका दुसऱ्या-तिसऱ्या प्रतीत बसते. पहिल्या प्रतीच्या संथ पाण्यात लहान मुलांनाही मोठ्यांबरोबर नेतात. म्हणजे वयाची अट ही पाण्याची प्रत पाहून ठरते. महाराष्ट्र शासनाने २०२१ साली साहसी पर्यटनाचे धोरण जाहीर केले, त्यात जमीन आणि हवा यांबरोबर पाण्यावरील खेळही येतात. तथापि हे धोरण व्यवसाय करणाऱ्यांसाठी आहे. सुट्टीत मामाच्या गावी ट्यूब घेऊन नदीवर निघालेल्या पोरांना ते कोठे भेटणार?

मग १४ हाच आकडा का? त्यात काही जादू नाही. त्या वयाच्या सुमारास बहुतेक मुलांचे वजन आणि उंची एवढी होते की मोठ्यांचे जॅकेट अंगावर घट्ट बसते. वल्हे आणि दोर पकडून ठेवण्याइतके बळ हातात येते. सगळ्यांत महत्त्वाचे म्हणजे, घाबरलेल्या स्थितीतही नावाड्याची सूचना ऐकून तसे वागण्याची समज येते. त्याहून लहान मुलाचे शरीर पाण्यात लवकर थंड पडते; अगदी लहान मुलाचे डोके शरीराच्या मानाने जड असल्यामुळे ते पालथे पडले तर स्वतःहून तोंड वर काढू शकत नाही. म्हणून वर्षांचा आकडा हा या चार-पाच गोष्टींचा केवळ अंदाज होय. पंधरा वर्षांचा अशक्त मुलगा अटीत बसतो म्हणून सुरक्षित ठरत नाही.

आता आपल्या तापीकडे वळू. हातोड्याच्या पुलावरून खाली पाहिले तर पाणी बहुतेक वेळा शांत दिसते. हे शांतपण फसवे आहे. खाली गुजरातेत १९७२ साली पूर्ण झालेल्या उकाई धरणाचा फुगवटा तापीत पार वरपर्यंत येतो. वरच्या बाजूला प्रकाशा आणि सारंगखेडा येथे बॅरेज आहेत आणि त्याहूनही वर, जळगाव जिल्ह्यात, ४१ दरवाजांचे हतनूर धरण आहे. तेथील दरवाजे उघडले की आपल्याकडे ढग नसतानाही पाणी चढते. म्हणून पावसाळ्यात नदीकाठच्या गावांना इशारा दिला की तो शेतकऱ्याने ऐकायचा आणि पोराने सोडून द्यायचा, असे होऊ नये. सातपुड्यातून उतरणाऱ्या नाल्यांचे तर याहून वाईट. डोंगरात पाऊस पडतो आणि खाली कोरड्या पात्रात खेळणाऱ्यांवर लोंढा येतो. ३० जून २०२४ रोजी लोणावळ्याच्या भुशी धरणामागील ओढ्यात एकाच कुटुंबातील पाच जण असेच वाहून गेले. ते पाण्यात उतरले तेव्हा हातात हात घालून उभे राहता येईल एवढाच प्रवाह होता.

येथे एक साधे गणित लक्षात ठेवण्यासारखे आहे. पाण्याचा वेग दुप्पट झाला की त्याचा रेटा चौपट होतो. बापाच्या गुडघ्याला लागणारे पाणी पाच वर्षांच्या पोराच्या मांडीच्या वर जाते. त्यातच वाळू उपसलेल्या ठिकाणी पात्रात अचानक खड्डे लागतात आणि फुगवटा उतरल्यावर काठाला गाळ राहतो, त्यात पाय रुततो. म्हणून अनोळखी पाण्यात सूर मारू नये. ओळखीच्या पाण्यातही पावसाळ्यानंतर पहिल्यांदा उतरताना एखाद्या मोठ्या माणसाने काठीने तळ पाहून घ्यावा.

ट्यूबविषयी आपल्या मनात फार विश्वास असतो. पूर्वी मुलांना पोहायला शिकवताना पाठीला सुका भोपळा किंवा पांगाऱ्याची लाकडे बांधीत. पुढे पत्र्याचा डबा आला आणि मग ट्यूब. यात एक फरक आपण विसरतो. भोपळा मुलाच्या अंगाला बांधलेला असे. ट्यूब मात्र मुलाने धरलेली असते. हात सुटला की ट्यूब एकीकडे आणि मूल दुसरीकडे. मोठ्या ट्यूबच्या मधल्या भोकातून लहान मूल सरळ खाली निसटते. फुगवट्याच्या पसरट पाण्यावर वारा सुटला तर हलकी ट्यूब पोहणाऱ्याच्या वेगापेक्षा लवकर दूर जाते आणि तिच्या मागे लागून पोरगा खोल पाण्यात पोहोचतो. तेव्हा ट्यूब हे खेळणे आहे, जीवरक्षक साधन नव्हे. ट्यूबवर बसणाऱ्याच्या अंगावरही जॅकेट हवेच.

जॅकेट निवडताना वय विचारू नये, वजन विचारावे. चांगल्या जॅकेटवर ते किती किलोच्या माणसासाठी आहे हे लिहिलेले असते. मुलाला जॅकेट घालून, पट्टे आवळून, दोन्ही खांद्यांना धरून वर ओढून पाहावे. ते कानांपर्यंत सरकले तर मोठे आहे. पाण्यात ते मुलाच्या डोक्यावरून निघून जाईल. लहानग्यांच्या जॅकेटला दोन पायांमधून जाणारा पट्टा असावा. अमेरिकेत चालत्या बोटीच्या उघड्या भागावर १३ वर्षांखालील मुलाने जॅकेट घातलेच पाहिजे असा केंद्राचा नियम आहे. हा नियम मला विशेष शहाणपणाचा वाटतो. त्यात वयाचा आकडा मुलाला बोटीतून उतरवण्यासाठी वापरलेला नाही, तर त्याचे रक्षण करण्यासाठी वापरला आहे.

असे म्हणण्याचे कारण आपल्याच जिल्ह्यात आहे. सरदार सरोवराचे पाणी चढल्यापासून अक्कलकुवा आणि धडगाव तालुक्यांतील नर्मदाकाठच्या कित्येक पाड्यांना नाव हाच रस्ता उरला. तेथे तान्ह्या बाळापासून म्हाताऱ्यापर्यंत सगळे नावेने जातात. २०२० साली करोनाच्या भीतीने आया आणि गरोदर बायका अंगणवाडीपर्यंत येईनाशा झाल्या, तेव्हा रेलू वसावे या अंगणवाडी सेविका मासेमाराची लहान होडी घेऊन स्वतः वल्ही मारीत अलीगाट आणि दादर या वस्त्यांवर जात राहिल्या. अशा ठिकाणी ‘१४ वर्षांखालील मुलांना प्रवेश नाही’ अशी पाटी लावून काय साधणार? वयाची अट हौसेच्या प्रवासासाठी असते. ज्याला जाणे टाळता येत नाही, त्याला जॅकेट, नावेत मोजून घेतलेली माणसे आणि वारा पाहून नाव सोडणारा नावाडी यांचाच आधार.

१५ जानेवारी २०१९ रोजी मकर संक्रांतीच्या दिवशी धडगाव तालुक्यातील भुषा येथे नर्मदेत भाविकांची नाव उलटली. नावेत गर्दी फार होती आणि बुडालेल्यांत लहान मुले होती. पुढे १८ जानेवारी २०२४ रोजी वडोदऱ्याच्या हरणी तलावात सहलीला गेलेली १२ शाळकरी मुले आणि २ शिक्षिका बुडून मेल्या. तेथेही बोटीत माणसे जास्त भरली होती आणि अनेकांच्या अंगावर जॅकेट नव्हते. एक आपल्या घरची घटना, दुसरी शेजारच्या राज्यातली. एक सणाची, दुसरी सहलीची. दोन्हीकडे नावेत बसताना कोणी मोठ्या माणसाने ‘आता बस, पुढच्या खेपेला या’ असे म्हणण्याची गरज होती.

बुडणारे मूल ओरडत नाही, हेही पुष्कळांना ठाऊक नसते. श्वास घेण्याचीच धडपड चाललेली असताना हाक मारायला सवड नसते. म्हणून पाच वर्षांखालील मुलाजवळ मोठ्या माणसाने हाताच्या अंतरावर असावे. काठावर बसून लक्ष ठेवणे पुरत नाही. कोणी बुडत असेल तर अंगावर उडी घेऊ नये, कारण बुडणारा वाचवणाऱ्यालाच मिठी मारतो. दोर, बांबू, लुगडे, रिकामा बंद डबा, जे हाती येईल ते टाकावे. स्वतः प्रवाहात सापडल्यास उभे राहण्याचा प्रयत्न करू नये, कारण पाय दगडात अडकतो; उताणे होऊन, पाय पुढे आणि वर ठेवून वाहत जावे व तिरके काठाकडे सरकावे. बाहेर काढलेल्याला उलटे टांगून पोटातील पाणी काढण्याची आपल्याकडे जुनी रीत आहे. ती सोडून द्यावी, तीत मोलाचा वेळ जातो. श्वास बंद असेल तर आधी तोंडाने श्वास द्यावा, मग छातीवर दाब द्यावा आणि कोणाला तरी १०८ ला फोन लावायला सांगावे.

जागतिक आरोग्य संघटनेच्या अंदाजाप्रमाणे २०२१ साली जगात सुमारे ३ लाख माणसे बुडून मेली. त्यांतील जवळजवळ चौथा हिस्सा पाच वर्षांखालील मुलांचा. आपल्याला जगाचे ओझे उचलता येणार नाही. परंतु राष्ट्रीय सेवा योजनेचे पुढचे शिबिर एखाद्या तापीकाठच्या गावी घेता येईल. दोर कसा फेकावा, श्वास कसा द्यावा, हे आपण आधी शिकून तेथील शाळेतल्या मुलांना शिकवावे. खेळाच्या साहित्याबरोबर लहान-मोठ्या मापांची दहा-बारा जॅकेटे महाविद्यालयाने घ्यावीत आणि सुट्टीत ती गावात वापरायला द्यावीत. नदीवर येऊ नका, असे नदीकाठच्या पोरांना कोणी सांगून ती ऐकणार नाहीत आणि ऐकूही नये. पोहता येणे ही आपली मिळकत आहे. प्राध्यापक मंडळींनी मनावर घेतले, तर दिवाळीनंतर पाणी निवळेल तेव्हा हे काम सुरू करण्यास आमची तयारी आहे.